नांदेडचे रान आणि बोंडअळी

दसरा मागे पडून दिवाळी जवळ आली म्हणजे गोदावरीकाठच्या काळ्या रानात पऱ्हाटी पांढरी दिसू लागते. वर्षाचे देणे फेडण्याचा आणि मुलीचे लग्न उरकण्याचा हिशोब शेतकऱ्याने त्या पांढरेपणावर मांडलेला असतो. परंतु बाहेरून निरोगी दिसणारे बोंड हाताने फोडून पाहावे, तर आत रुई डागाळलेली व सरकी पोखरलेली! बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या या शत्रूशी माणसाने चालविलेल्या झगड्याचा इतिहास नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत चांगला वाचावयास मिळतो.

निजामी अमदानीत नांदेडची कीर्ती होती ती गावरानी कापसाची. हा देशी कापूस काटक होता. पावसाची ओढ तो सोशी आणि तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना सहसा दाद देत नसे. त्यातूनच निवड करून नांदेड येथे गावरानी-६ सारखे सुधारलेले वाण तयार झाले. पुढे गिरण्यांना लांब धाग्याची ओढ लागली, अमेरिकन जातीचा कापूस रानात शिरला आणि 1970 नंतर संकरित वाणांचे युग आले. 1972 साली परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने 1980 च्या दशकात दिलेला ‘नांदेड-44’ हा संकर कोरडवाहू शेतकऱ्याच्या चांगलाच पसंतीस उतरला. रसशोषक किडींपुढेही तो बराच टिकाव धरी.

बोंडअळ्यांपुढे मात्र कोणत्याच वाणाची मात्रा पुरेशी चालेना. ठिपक्यांची, हिरवी आणि शेंदरी, अशा या तीन अळ्या. त्याच सुमारास पायरेथ्रॉईड वर्गातील औषधे बाजारात आली. पहिल्या हंगामांत त्यांचा गुण असा आला, की फवारणी म्हणजेच पीकसंरक्षण असा समज सर्वत्र दृढ झाला. परंतु प्रत्येक फवाऱ्यातून वाचलेल्या थोड्या अळ्यांनी आपली सहनशक्ती पुढील पिढीस दिली. औषधाने मेले ते अळ्यांवर जगणारे मित्रकीटक. 1997-98 च्या हंगामात शेजारच्या तेलंगणात, विशेषतः वारंगळकडे, औषधांवर कर्ज काढूनही पीक गेले आणि कित्येक शेतकऱ्यांनी आपल्या जीवाचा शेवट केला.

या पार्श्वभूमीवर 1998 साली नांदेड जिल्ह्यातील आष्टा या गावी एक निराळा प्रयोग सुरू झाला. राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी एखादे शेत न निवडता सबंध गावच हाती घेतले. यातच प्रयोगाचे मर्म होते. पतंगाला बांध कळत नाही. एकाने फवारले व शेजाऱ्याने सोडले, तर दोघांचेही नुकसान ठरलेले. आष्ट्यात बियाण्यास प्रक्रिया झाली. शेताभोवती मका व चवळी, तर कपाशीच्या ओळींत पाखरे यावीत म्हणून राळा पेरला गेला. अळीची अंडी नासविणारे ट्रायकोग्रामा सोडले, हिरव्या अळीस रोग आणणारा विषाणू वापरला, 5 टक्के निंबोळी अर्क फवारला. रासायनिक औषध अगदी शेवटी, तेही किडी मोजल्यावर. परिणामी फवारण्या घटल्या, मित्रकीटक वाढले आणि उत्पन्नही वाढले.

इतक्यात 2002 साली बीटी कापसास परवानगी मिळाली. आता बियाणेच अळीला मारील म्हटल्यावर रानात फिरून किडी मोजण्याची सवय मोडली. हिरवी अळी खरोखरच हटली. पण कपाशीवरच पोसणाऱ्या शेंदरी अळीने काही वर्षांतच त्या विषास दाद देणे सोडले. 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात तिने हाहाकार केला. त्याच हंगामात नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

लातूरकडे दरम्यान सोयाबीनने मोठा वाव व्यापला होता. 2008 साली मराठवाडा व विदर्भातील सोयाबीनवर अळ्यांची धाड आली. त्या ठेचेतून 2009 साली ‘क्रॉपसॅप’ ही योजना निघाली. शेतोशेत किडींची नोंद करावयाची आणि आकडे धोक्याची पातळी दाखवू लागताच शेतकऱ्यास वेळीच सल्ला द्यावयाचा, ही तिची रीत. कापूसही त्या पिकांत आहे. आष्ट्यात एका गावाने केलेली मोजणी येथे राज्याच्या पातळीवर आली.

शेंदरी अळी बोंडात शिरली, की तिचे छिद्र बुजते आणि फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तिच्यावरील उपाय वेळेचे आहेत. डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले, तर सावध व्हावे. डिसेंबरअखेर पीक संपवावे, फरदड ठेवू नये, पऱ्हाटी रानात पडू देऊ नये. यांत महाग असे काहीच नाही. कठीण आहे ती गोष्ट एवढीच, की हे सर्व शेजाऱ्यानेही करावे लागते. गावरानीपासून बीटीपर्यंत जेव्हा जेव्हा एकाच साधनावर सारा भार टाकला गेला, तेव्हा अळीने त्यातून वाट काढली. आष्ट्यात सारा गाव एकदम उभा राहिला होता, म्हणूनच ती तेथे हटली.