गोधडीवरचं अक्षर

छत्तीसगडातल्या मराठी माणसांचा इतिहास आपण बहुतेक वेळा कागदावरून वाचतो. आज कापडावरून वाचून बघू.

बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरच्या गादीवर आले आणि त्यांच्याबरोबर मराठी कारभार आणि मोडी लिपी या मुलखात आली. १८१८ नंतर इंग्रजांनी मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. १८५४ मध्ये तर नागपूरचं राज्यच खालसा झालं, मराठी घरं मात्र इथेच राहिली. त्या घरांतल्या पुरुषांनी दप्तरं लिहिली, बायकांनी गोधड्या शिवल्या. गोधडीला इथे कथरी म्हणतात. वर जुनं लुगडं, खाली धोतर, मध्ये फाटक्यातुटक्याचे थर आणि कडेपासून आत आत फिरत जाणारा धावदोरा, हे दोन्हीकडे सारखंच. सगळ्यांत खाली शिवणारीची सही मात्र कुठेच नाही.

रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात (१८७५ चं आहे ते) दगडावर कोरलेली राजांची नावं वाचता येतात. गोधडी काही वर्षांत विरते, मग तिचं पायपुसणं होतं.

कापडावर अक्षर चालतच नाही असं थोडंच आहे? एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या मानदासुंदरीने वडिलांसाठी कांथा शिवली आणि तिच्यावर स्वतःचं नाव टाक्यांनी लिहून ठेवलं. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात ती आहे, म्हणून आपल्याला मानदासुंदरी माहीत आहे.

आमच्याकडचं उदाहरण त्याहून धारदार आहे. महानदीकाठचे रामनामी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चारपारा गावच्या परशुराम यांच्यापासून हा पंथ सुरू झाला. अस्पृश्य ठरवून ज्यांना देवळाबाहेर ठेवलं, त्यांनी 'राम' ही दोन अक्षरं अंगावर गोंदवून घेतली आणि पांढऱ्या चादरीभर काळ्या रंगात लिहिली. मूर्ती नाही, देऊळ नाही, अक्षर हाच देव. वरच्या जातींनी विरोध केला, प्रकरण रायपूरच्या कोर्टापर्यंत गेलं, असं त्या समाजात सांगतात. दोन अक्षरं पांघरण्यासाठी एवढं सोसावं लागलेल्या लोकांसमोर आपण 'गोधडीवर कशाला नाव' म्हणतो, ते मला फार हलकं वाटतं.

माझी आजी रेशनकार्डावर अंगठा उठवायची. तिच्या लुगड्यांचीच गोधडी करून तिच्यात तिचं नाव बसवायचं मी ठरवलं. भरतकामाने नाही, कापडाचेच तुकडे जोडून. छापील साचा वापरायचा नाही, कात्री सांगेल तसं अक्षर.

देवनागरी याला सोयीची आहे. 'प' घ्या. आधी त्याचं पोट: जमिनीच्या कापडाचा एक चौकोन. त्याच्या डावीकडे रंगीत पट्टी, मग खाली पट्टी. त्या खालच्या पट्टीखाली पुन्हा जमिनीचं कापड. मग उजवीकडे वरपासून खालपर्यंत काना. शिवणीत प्रत्येक बाजूला पाव इंच जातं, म्हणून पट्टी दिसायला हवी त्यापेक्षा रुंद कापायची, नाहीतर काना दोऱ्यासारखा बारीक होतो. 'म', 'ग', 'न' असेच जमतात. 'ळ' आणि 'इ' रडवतात, त्यांचे वळसे कोपरे करूनच काढावे लागतात. अक्षर थोडं तिरकं होतं, होऊ द्यावं. वेडंवाकडं असलं तरी वाचता येतं.

अक्षरं ओळीत जोडून झाली की शिरोरेषा एका लांब पट्टीने सगळ्यांवर एकदम. मोडी लिहिणारे कारकून आधी पानभर रेघ ओढायचे आणि तिला अक्षरं टांगायचे. मी रेघ शेवटी ओढली एवढाच फरक.

अडचण आली रफाराची. आजीच्या नावात रफार आहे आणि तो शिरोरेषेच्या वर लटकतो, जोडकामात येतच नाही. तिथे तिच्याच हिरव्या लुगड्याच्या काठाचं ठिगळ लावलं.

आता धावदोरा उरलाय. तो अक्षरांवरून न्यायचा की त्यांना वळसा घालून, यावर घरात वाद चालू आहे. आई म्हणते, वरूनच ने, नाहीतर खालचे थर सुटतील.