कापडाची बाळंतीण

स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा आपल्या कार्यवाहबाई मला म्हणाल्या, "इतकी वर्षे तुम्ही नर्सेसना शिकविलेत, बाळंतपणाविषयी काहीतरी लिहा." विषय घरोघरचा. मी मात्र दूर देशची, अडीचशे वर्षांपूर्वीची हकीकत सांगणार आहे. ती मला का मोलाची वाटते, हे कळावे म्हणून आधी माझी एक चूक सांगते.

नर्सिंग शिकत असताना प्रसूतीच्या तीन अवस्था मला तोंडपाठ होत्या. कळा सुरू झाल्यापासून गर्भाशयाचे तोंड पूर्ण, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर, उघडेपर्यंत पहिली. तेथून मूल जन्मेपर्यंत दुसरी. आणि त्यानंतर वार पडेपर्यंत तिसरी. पण प्रत्यक्ष बाळंतिणीपाशी उभी राहिले, तेव्हा तिसऱ्या अवस्थेत मला धीर निघेना. गर्भाशय आवळण्याआधीच मी नाळ ओढली आणि रक्ताची धार लागली. सिस्टर धावून आल्या, पोटावरून गर्भाशय चोळून त्यांनी ते घट्ट केले, म्हणून ती माउली वाचली. पाठांतर डोक्यात होते, हातांना काहीच ठाऊक नव्हते.

पुढे मी स्वतः शिकवू लागले, तेव्हा मादाम दु कुद्रे या फ्रेंच सुईणीची माहिती वाचनात आली. अठराव्या शतकात फ्रान्सच्या खेड्यांतील पुष्कळ सुईणींना अक्षरओळख नव्हती. त्यांना नुसते पुस्तक देऊन काय उपयोग? म्हणून या बाईंनी कापड व कातडे शिवून, आत भरण घालून, स्त्रीच्या कमरेकडील देहाची खऱ्याएवढी प्रतिकृती केली. काहींत तर कटीची खरी हाडे बसविलेली होती. पोटात कापडाचे बाळ, त्याला नाळ आणि वार. मुलाची वाट कशी ताणली जाते, ते दोऱ्या व पट्टे ओढून दाखविता येई. बाळाचे तोंड उघडे ठेवलेले असे, कारण पायाळू मुलाच्या तोंडात बोट घालून डोके कसे सोडवावे, हे हाताला शिकवावयाचे होते.

१७५९ साली पंधराव्या लुई राजाने त्यांना देशभर शिकविण्याची सनद दिली. त्याच वर्षी त्यांचे प्रसूतिशास्त्रावरील पुस्तकही निघाले. १७८३ पर्यंत त्या आपली ही 'बाळंतीण' गाडीत घालून गावोगाव हिंडल्या. हजारो खेडवळ स्त्रिया त्यांच्याकडे शिकून तयार झाल्या. १७९४ साली बोर्दो येथे त्या वारल्या. त्यांच्या प्रतिकृतींपैकी एक आजही रुआँ येथील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

मैत्रिणींनो, या बाईंनी काय साधले, ते मला माझ्या चुकीमुळे उमगले. शिकणाऱ्याचा हात पहिल्यांदा चुकणारच. तो कापडावर चुकला तर टाके घालून भागते. बाळंतिणीच्या अंगावर चुकला तर घर उजाड होते. म्हणून माझ्या वर्गात आधी बाहुलीवर हात बसल्याखेरीज मी एकाही मुलीला प्रसूतिगृहात पाऊल टाकू दिले नाही. "बाई, बाहुलीशी किती खेळायचे?" असे म्हणून मुली हसत. मीही हसे, पण ती रक्ताची धार मी विसरले नव्हते.

आपल्यापैकी कोणाची लेक वा सून नर्सिंग शिकत असेल, तर तिला गुण किती मिळाले हे अवश्य विचारा. पण त्याआधी विचारा, "हात बसला का, बाळ?"