मुंबईत उतरायचं कुठं?

गेल्या डिसेंबरात आम्ही चार मित्रांनी मुंबईला जायचं ठरवलं. बी.एड.ला एकत्र होतो, आता सोलापूर जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या शाळांत शिकवतो. शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघायचं, शनिवार-रविवार फिरायचं आणि सोमवारी शाळेच्या घंटेआधी परत. तिकिटं निघाली आणि चर्चा एकाच प्रश्नावर अडली. उतरायचं कुठं?

एकाला दादर हवं होतं, मराठी जेवण मिळतं म्हणून. दुसऱ्याला समुद्र जवळ हवा, म्हणून कुलाबा. तिसरा माळकरी. त्याची अट एवढीच की खाली मटणाचं हॉटेल नको. मी नेहमीप्रमाणे मोहम्मद अली रोड सुचवला. स्टेशन जवळ, मशीद जवळ, खाणं चांगलं, अशी कारणं दिली. खरं कारण सांगितलं नाही.

काही वर्षांपूर्वी प्रशिक्षणासाठी एका मोठ्या शहरात गेलो होतो. फोनवर खोली सांगून ठेवली होती. काउंटरवरच्या माणसानं माझं आधार कार्ड पाहिलं, आत गेला, परत आला आणि म्हणाला, 'खोलीत पाण्याचा प्रॉब्लेम आहे, दुसरी शिल्लक नाही.' माझ्या मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याला मात्र खोली मिळाली. तेव्हापासून मी अशाच भागात उतरतो, जिथं माझं नाव कुणी दोनदा वाचत नाही.

रात्री माळकरी मित्राचा फोन आला. 'खरं सांग, तिथंच का?' मी सांगितलं. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, 'म्हणजे तुझं-माझं एकच की रे. दोघांनाही आपल्या माणसांत उतरायचंय.' मला ते पटलं नाही. त्याचा प्रश्न चुलीचा होता, माझा दाराचा. पण त्याचं वाक्य डोक्यात राहिलं आणि जुनी पुस्तकं उघडून बसलो.

प्रवाशाला आसरा देणं आपल्याकडे पुण्याचं काम मानलं गेलं आहे. जकातीचे जे आठ हकदार कुरआननं सांगितले, त्यात 'इब्नुस्सबील' म्हणजे वाटसरू आहे. शेरशाह सूरीनं १५४० ते १५४५ या पाच वर्षांच्या कारकिर्दीत रस्त्यांच्या कडेनं सराया उभ्या केल्या. इतिहासकार अब्बास खान सरवानी सांगतो की, प्रत्येक सरायमध्ये हिंदू आणि मुसलमानांच्या खोल्या वेगळ्या असत. हिंदू प्रवाशांच्या पाण्याची, जेवणाची सोय पाहायला ब्राह्मण नेमलेले असत. दारात मात्र पाण्याची भांडी भरून ठेवलेली असत, कुणीही यावं आणि प्यावं. पाचशे वर्षांपूर्वीची ही व्यवस्था. चूल वेगळी, सराय एक.

मुंबईत हे गणित बदललं. १८५३ मध्ये बोरीबंदरहून रेल्वे सुटली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि शहरात माणसांचा लोंढा सुरू झाला. ज्याची गावाकडची ओळख मोठी, त्याला डोकं टेकायला जागा मिळे. म्हणून प्रत्येक समाजानं आपापलं घर उभारलं. सी. पी. टँकला जैनांची हिराबाग धर्मशाळा झाली. गोव्याहून बोटीवर नोकरी करायला येणाऱ्या ख्रिस्ती माणसांनी धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास गावागावांचे 'कूड' थाटले. गिरणगावात एकेका गावच्या मंडळाच्या खोल्या होत्या.

मुसलमानांसाठी मुंबई म्हणजे हजचं बंदर. देशाच्या कानाकोपऱ्यातून हाजी इथं येत आणि जहाजाची वाट पाहत थांबत. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या मुघल लाइनची जहाजं याच बंदरातून जेद्दाहला जात. समुद्रमार्गे हज १९९५ मध्ये बंद झाली. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्या काळाची आठवण आहे. माझे दादा हजला निघाले, तेव्हा पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन तिथंच उतरले होते. घरात 'मुंबई' म्हटलं की दादांना फक्त दोन गोष्टी आठवत, गोदी आणि मुसाफिरखाना.

पण आपलं घर उभारणं आणि दुसऱ्याला दार बंद करणं यांत अंतर फार थोडं असतं. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. हे वाचताना आपण हळहळतो. त्याच आत्मकथनात दौलताबादचा प्रसंगही आहे, तो आपण मुसलमानांनी जरूर वाचावा. १९३४ साल, रमजानचा महिना. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर बाबासाहेब आणि सहकाऱ्यांनी हातपाय धुतले, तर एक वृद्ध मुसलमान पाणी बाटवलं म्हणून ओरडत आला. बघता बघता जमाव जमला. ज्या दीनमध्ये वाटसरूचा हक्क लिहून ठेवला आहे, त्याच्या अनुयायांनी वाटसरूला पाण्यावरून अडवलं. तेव्हा काउंटरवरचा तो माणूस मला आठवला आणि माझी तक्रार एकट्या माझी उरली नाही.

संविधानाच्या १५ व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव यांच्यासोबत हॉटेलांचा उल्लेख स्पष्ट आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून तिथं कुणाला अडवता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या यादीत हॉटेल कशाला, असं बी.एड.च्या दिवसांत वाटायचं. आता वाटत नाही.

शेवटी आम्ही सीएसएमटीजवळच्या एका साध्या लॉजमध्ये उतरलो. खोल्या माळकरी मित्रानं बुक केल्या होत्या. काउंटरवर त्यानं चौघांची आधार कार्डं एकत्र ठेवली, माझं सगळ्यात वर. पोऱ्यानं झेरॉक्स काढल्या, 'गरम पाणी आठपर्यंत' म्हणाला आणि चाव्या दिल्या. माझी छाती मात्र तेवढा वेळ धडधडत होती.

संध्याकाळी त्यांना लोकमान्य टिळक मार्गावर घेऊन गेलो. जुना कार्नॅक रोड. मुसाफिरखाना याच रस्त्यावर. पोलीस आयुक्तालयासमोरचं सरदारगृहही याच रस्त्यावर. टिळक मुंबईत तिथं उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी तिथंच गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत खांदा देणाऱ्यांत गांधीजींसोबत मौलाना शौकत अली आणि डॉ. सैफुद्दीन किचलू होते. रस्ता पुढं धोबीतलावला पोचतो, तिथं गोवेकरांचा जेर महाल. तीन समाजांच्या तीन उताऱ्याच्या जागा, आणि चालत गेलं तर एकीकडून दुसरीकडे जायला काही मिनिटं पुरतात. मी वीस वर्षं या भागात उतरतोय, पण नजर मुसाफिरखान्यापलीकडे कधी गेली नव्हती.

रात्री जेवायला आम्ही दोन ठिकाणी गेलो. माळकरी मित्रासोबत आधी पुरी-भाजी, मग त्याला चहा पाजत आम्ही तिघांनी नल्ली-निहारी. त्यानं तक्रार केली नाही, फक्त खुर्ची थोडी मागं सरकवली. चूल वेगळी चालते. दार एक असलं पाहिजे.

पुढच्या वर्षी हैदराबाद ठरलंय. उतरायची जागा मी शोधणार आहे. माळकरी मित्राची अट आधीच लिहून घेतली आहे.