सूरह इख्लास : चार आयतींत अल्लाहची ओळख

आपल्या घरातलं लहान मूल मकतबला जायला लागलं की थोड्याच दिवसांत जी सूरह पाठ म्हणून दाखवतं, ती म्हणजे सूरह इख्लास. बोलताना आपण तिला 'कुल हुवल्लाह' म्हणतो. नमाजमध्ये घाई असली की हीच सूरह, कब्रस्तानात फातिहा पढताना हीच, रात्री झोपण्यापूर्वीही हीच. कुरआनच्या 114 सूरहांपैकी ही 112वी. आयती फक्त चार.

पण शेजाऱ्याने किंवा कामावरच्या एखाद्या मित्राने सहज विचारलं, "तुमचा अल्लाह म्हणजे नेमका कोण हो?" तर आपल्यातले बरेचजण अडखळतात. "आमचा देव", "वर बसलेला मालिक" असं काहीतरी बोलून विषय संपवतात. खरं पाहिलं तर या प्रश्नाचं उत्तर आपल्याला पाचव्या-सहाव्या वर्षापासून तोंडपाठ आहे. शब्द जिभेवर आहेत, अर्थ मात्र मनापर्यंत पोहोचलेला नाही. म्हणून आज आपण याच चार आयती समजून घेऊ.

प्रश्न कोणी विचारला होता?

हदीसच्या ग्रंथांत या सूरहच्या अवतरणाचं कारण सांगितलं आहे. मक्केच्या लोकांनी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांना विचारलं, की तुमच्या पालनकर्त्याची वंशावळ सांगा. आज हा प्रश्न आपल्याला विचित्र वाटेल. पण त्या काळच्या अरबांसाठी तो स्वाभाविक होता. माणूस कोण, हे त्याच्या टोळीवरून आणि बापजाद्यांच्या नावांवरून ठरायचं. ज्याला वंश नाही त्याला पत नाही. तेव्हा देवाचीही ओळख कुळावरूनच व्हायला हवी, असा त्यांचा समज.

उत्तर म्हणून ही सूरह अवतरली. तिच्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत. अल्लाह एकमेव आहे. तो कुणावर अवलंबून नाही, सारे त्याच्यावर अवलंबून आहेत. त्याला अपत्य नाही आणि तो कुणाचं अपत्य नाही. त्याच्या बरोबरीचा कोणी नाही. वंशावळ विचारणाऱ्यांना सांगण्यात आलं, की ज्याने सर्व वंश निर्माण केले त्याला वंश कसा असेल?

'अल्लाह' हे नाव कुणाचं?

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. "अल्लाह हा मुसलमानांचा देव" असं अनेकांना वाटतं. कधी कधी आपणही तसंच बोलतो. अरबी भाषेत 'इलाह' म्हणजे उपास्य, ज्याची उपासना केली जाते तो. या शब्दाचं अनेकवचन होतं. 'अल्लाह' या शब्दाचं अनेकवचन होत नाही. तो नराचा शब्द आहे, मग मादीचा कोणता, असाही प्रश्न त्याच्याबाबत येत नाही. मराठीत आपण 'तो' म्हणतो, कारण भाषेला कुठलं तरी सर्वनाम लागतं. अरबीतही तसंच आहे. पण अल्लाह ना पुरुष आहे ना स्त्री.

हे नाव इस्लामने नव्याने आणलेलं नाही. प्रेषितांच्या (स.) वडिलांचं नाव अब्दुल्लाह होतं, म्हणजे अल्लाहचा बंदा. त्यांचं निधन प्रेषितांच्या जन्माआधीच झालं होतं. म्हणजे कुरआन अवतरण्याच्या कितीतरी आधी मक्केत हे नाव रुळलेलं होतं. आजही अरबी बोलणारे ख्रिस्ती बांधव चर्चमध्ये प्रार्थना करताना 'अल्लाह'च म्हणतात, त्यांच्या अरबी बायबलमध्येही हाच शब्द आहे. कुरआनच्या पहिल्याच सूरहमध्ये अल्लाहला साऱ्या जगांचा पालनकर्ता म्हटलं आहे, केवळ मुसलमानांचा नव्हे.

मग मक्केच्या लोकांशी वाद कशाचा होता? सृष्टी अल्लाहनेच निर्माण केली, हे त्यांनाही मान्य होतं. पण लात, उज्जा, मनात यांच्यामार्फत त्याच्यापर्यंत पोहोचता येतं, असं ते मानत. अल्लाहच्या अधिकारात इतरांचा वाटा आहे की नाही, हा खरा वाद होता. असा वाटा मानणं म्हणजेच शिर्क.

अहद : ज्याला दुसरा नाही

अरबीत 'एक' साठी 'वाहिद' हा शब्द आहे. मोजताना तोच वापरतात, एकानंतर दोन, मग तीन. या सूरहमध्ये मात्र अल्लाहसाठी 'अहद' हा शब्द आला आहे. अहद म्हणजे असा एक, ज्याच्यानंतर दोन येतच नाही, ज्याचे तुकडे होत नाहीत, ज्याच्यासारखं दुसरं काही नाही. मराठीत 'एक' आणि 'एकमेव' यांत जो फरक आहे, तसाच काहीसा हा फरक.

हा शब्द केवळ पुस्तकी नाही. हजरत बिलाल (रजि.) हे हबशी वंशाचे, मक्केत उमय्या बिन खलफ याचे गुलाम. त्यांनी इस्लाम स्वीकारला तेव्हा उमय्याने त्यांना भर दुपारी तापलेल्या वाळूवर झोपवलं, छातीवर जड दगड ठेवला आणि श्रद्धा सोड म्हणून छळ केला. त्या अवस्थेत त्यांच्या तोंडून एकच शब्द निघत राहिला. अहद, अहद.

थोडा विचार करा. ज्याच्या ताब्यात आपलं शरीर आहे, ज्याने आपली किंमत मोजली आहे, त्याच्या समोर एक गुलाम म्हणतोय की मालक एकच आहे आणि तो तू नाहीस. उमय्याला राग आला तो याचाच. एका शब्दाने त्याची मालकी मोडीत निघत होती. पुढे हजरत अबू बकर (रजि.) यांनी बिलाल यांना विकत घेऊन मुक्त केलं. हिजरी 8, म्हणजे इ.स. 630 मध्ये मक्का जिंकल्यावर प्रेषितांच्या (स.) आदेशाने हेच बिलाल काबागृहाच्या छतावर चढले आणि त्यांनी अजान दिली. काही कुरैश सरदारांना ते मुळीच रुचलं नाही, असं सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. तौहीद म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने वाळूवरचे बिलाल आणि छतावरचे बिलाल यांच्यामधलं अंतर पाहावं.

समद : सारे ज्याच्या दारी येतात

'समद' हा शब्द संपूर्ण कुरआनमध्ये एकदाच, याच सूरहमध्ये आला आहे. उर्दूत त्याचा अर्थ 'बेनियाज' असा करतात, म्हणजे ज्याला कुणाची गरज नाही. अर्थ बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे. नुसतं 'बेनियाज' ऐकलं की कुणाशी देणंघेणं नसलेला, दूर बसलेला असा समज होऊ शकतो. अरबांमध्ये समद म्हणजे असा प्रमुख, ज्याच्याकडे अडीअडचणीला सगळे धाव घेतात आणि ज्याला स्वतःला कुणाकडे जावं लागत नाही. म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र. त्याला कुणाची गरज नाही, आणि आपल्या प्रत्येकाला त्याची गरज आहे.

तो खात नाही, झोपत नाही, थकत नाही. आपली इबादतही त्याला लागत नाही, ती आपल्यालाच लागते. तरीही तो दूर नाही. माणसाच्या मानेच्या नसेपेक्षाही तो जवळ आहे, अशी कुरआनची शिकवण आहे. सूरह तौबा सोडली तर प्रत्येक सूरहची सुरुवात 'बिस्मिल्लाह'ने होते, आणि तिच्यात त्याची जी दोन नावं येतात ती रहमान आणि रहीम. दोन्हींचा संबंध दयेशी आहे.

आता स्वतःकडे पाहू. पोरगं आजारी पडलं, कर्ज अंगावर आलं, कोर्टात केस अडकली, की आपली पहिली धाव कुणाकडे असते? बुजुर्गांचा वसीला घेण्यावरून आपल्यात मतभेद आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. काही उलमा तो जायज मानतात, काही मानत नाहीत. पण देणारा फक्त अल्लाह आहे आणि बुजुर्ग स्वतःच्या अधिकारात काही देऊ शकत नाहीत, यावर कुणाचंही दुमत नाही. आणि जे लोक भीतीचा बाजार मांडतात, "इतके पैसे ठेवा, तुमच्यावरची करणी उतरवतो" म्हणतात, त्यांच्या दारात उभं राहण्याआधी समद या शब्दाचा अर्थ एकदा आठवावा.

अपत्य नाही, जन्म नाही

मक्केचे लोक फरिश्त्यांना अल्लाहच्या मुली म्हणत. ख्रिस्ती बांधव हजरत ईसा (अ.) यांना ईश्वराचा पुत्र मानतात. तिसऱ्या आयतीत या दोन्ही समजुतींना उत्तर आहे. जन्म आहे तिथे सुरुवात आहे, आणि सुरुवात असलेल्याला शेवटही असतो. अल्लाह सर्वांच्या आधी आहे आणि सर्वांच्या नंतरही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ही श्रद्धेतली स्पष्टता आहे, कुणाचा अपमान नव्हे. हजरत ईसा (अ.) हे अल्लाहचे थोर प्रेषित आहेत, त्यांच्यावर श्रद्धा ठेवल्याशिवाय आपलं ईमान पूर्ण होत नाही. त्यांच्या आई हजरत मरयम यांच्या नावाची एक सूरह कुरआनमध्ये आहे. मतभेद स्पष्ट सांगावा आणि आदरही सोडू नये, हीच कुरआनची रीत.

या आयतींचं महत्त्व मुसलमानांनी फार लवकर ओळखलं होतं. जेरुसलेममधील कुब्बतुस्सख्रा ही वास्तू उमय्या खलिफा अब्दुल मलिक यांनी बांधली. तिच्या शिलालेखात हिजरी 72, म्हणजे इ.स. 691-92, हे वर्ष आहे आणि त्या लेखात ही सूरह कोरलेली आहे. पुढे हिजरी 77 मध्ये याच खलिफाने सोन्याचे नवे दीनार पाडले. त्यावर राजाचं चित्र नव्हतं, त्याऐवजी याच सूरहतले शब्द होते. बाजारात हातोहात फिरणाऱ्या नाण्यावर राजाऐवजी अल्लाहची ओळख आली.

कुफू : त्याच्या जोडीचा कोणी नाही

चौथ्या आयतीत जो शब्द आहे तो आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. मुलीचं स्थळ बघताना घरात हमखास कानावर येतं, "कुफू जुळतो का बघा." म्हणजे बरोबरी, जोड. अल्लाहचा कुफू कोणीही नाही, असं ही आयत सांगते.

म्हणूनच त्याची मूर्ती नाही, चित्र नाही. काबागृह ही दिशा आहे, उपास्य नाही. सुरुवातीला मुसलमान बैतुल मुकद्दसकडे तोंड करून नमाज पढत. हिजरी 2 मध्ये किबला बदलला, उपास्य बदलला नाही. हजरत उमर (रजि.) यांनी हजरे अस्वदचं चुंबन घेताना उघडपणे सांगितलं होतं, की हा दगड आहे, तो नफा-नुकसान करू शकत नाही, प्रेषितांनी (स.) केलं म्हणून मीही करतो.

प्रेषित (स.) स्वतःही अल्लाहचे बंदे आहेत. प्रत्येक नमाजच्या बैठकीत आपण त्यांना आधी अल्लाहचे बंदे म्हणतो आणि मग प्रेषित. इ.स. 632 मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा सहाबा सुन्न झाले होते. हजरत उमर (रजि.) यांच्यासारख्यांनाही ते खरं वाटेना. तेव्हा हजरत अबू बकर (रजि.) यांनी लोकांना सांगितलं, की जे मुहम्मद (स.) यांची उपासना करत होते त्यांनी समजून घ्यावं की त्यांचं निधन झालं आहे, आणि जे अल्लाहची उपासना करतात त्यांचा अल्लाह जिवंत आहे, त्याला मृत्यू नाही. प्रेषितांवर त्यांच्याइतकं प्रेम कुणी केलं असेल? तरीही त्या घडीला त्यांनी तौहीदची रेषा पुसट होऊ दिली नाही.

आता याची दुसरी बाजू. जोड नसलेला फक्त अल्लाह आहे. मग आपण माणसं तर सगळी एकाच आई-बापाची लेकरं. अरबाला अजमीवर, गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व असेल तर ते तकव्याने, ही प्रेषितांनी (स.) आपल्या अखेरच्या हजमध्ये दिलेली शिकवण. संसारात मेळ बसावा म्हणून फिक्हमध्ये कुफूचा विचार झाला, आणि इमाम मालिक यांनी त्यातही मुख्य भर दीनदारीवर दिला. पण आपण बिरादरीच्या नावावर चांगली स्थळं मोडतो, अमक्यातमक्यांना हलकं समजतो. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहतो आणि बाहेर पडताच वंशावळ विचारतो. मक्केच्या लोकांनी विचारला होता, तोच प्रश्न आपण आपल्या भावाला विचारतो.

नाव 'इख्लास' का?

एक नवल पाहा. या सूरहमध्ये 'इख्लास' हा शब्द कुठेच नाही. इख्लास म्हणजे शुद्धता, भेसळ नसणं. ही सूरह समजून मानली की श्रद्धेतली भेसळ निघून जाते, म्हणून हे नाव. प्रेषितांनी (स.) दिखाव्याच्या इबादतीला छोटा शिर्क म्हटलं आहे. लोकांनी बघावं म्हणून पढलेली नमाज, फोटो निघावा म्हणून दिलेली खैरात, यात लोकांनाही वाटा दिला जातो. मूर्तीपुढे न झुकताही माणूस अशा रीतीने दुसऱ्या कुणापुढे झुकलेला असू शकतो.

ही सूरह एक तृतीयांश कुरआनच्या बरोबरीची आहे, असं बुखारीतल्या हदीसमध्ये आहे. अनेक उलमांनी त्याचं कारण असं सांगितलं, की कुरआनचे मुख्य विषय तीन, तौहीद, प्रेषित्व आणि आखिरत, आणि त्यातला पहिला विषय या चार आयतींत आला आहे. एक सहाबी नमाज पढवताना प्रत्येक रकातीच्या शेवटी हीच सूरह पढत. कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, की यात रहमानची ओळख आहे, म्हणून मला ती पढायला आवडते. प्रेषितांनी (स.) निरोप पाठवला, की त्यांना सांगा, अल्लाहचंही त्यांच्यावर प्रेम आहे.

तेव्हा आज रात्री मुलांना झोपवताना त्यांच्याकडून ही सूरह जरूर म्हणवून घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका. चार आयतींचा अर्थ त्यांना मराठीत, आपल्या घरच्या बोलीत सांगा. बिलाल (रजि.) यांची गोष्ट सांगा. म्हणजे उद्या शाळेत एखाद्या मित्राने "तुमचा अल्लाह कोण?" असं विचारलं, तर ते मूल अडखळणार नाही. म्हणेल, तो माझा आहे आणि तुझाही. आपल्या दोघांना त्यानेच बनवलं आहे.

अल्लाह आपल्या सर्वांना ही सूरह समजून पढण्याची आणि तिच्यानुसार जगण्याची तौफीक देवो. आमीन.