कचेरीच्या काचा

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, पंतप्रधानांनी त्याचे अनावरण केले होते; त्याला नऊ महिनेही झाले नव्हते. त्याच दिवशी मालवणातले सार्वजनिक बांधकाम विभागाचे कार्यालय फोडण्यात आले. तेव्हाचे आमदार वैभव नाईक आणि त्यांचे कार्यकर्ते आत शिरले, खिडक्यांच्या काचा फुटल्या. चित्रफीत घरोघर पोचली, गुन्हा नोंदला गेला. पुढे पुतळ्याच्या चर्चेत कचेरी मागे पडली.

मला ती मागे पडू द्यायची नाही. कारण त्या कचेरीची एक गोष्ट नंतर बाहेर आली. पुतळ्याचे काम नौदलाच्या पुढाकाराने झाले होते आणि पैसा राज्य शासनाचा होता. मालवणच्या बांधकाम विभागाच्या सहायक अभियंत्याने २० ऑगस्टला नौदलाच्या अधिकाऱ्याला पत्र लिहून कळवले होते, की खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने पुतळ्याच्या जोडणीतले नटबोल्ट गंजले आहेत, काही उपाय करा. म्हणजे धोका सहा दिवस आधी ज्या विभागाच्या मालवणातल्या माणसाने लेखी सांगितला, त्याच विभागाच्या मालवणातल्या काचा फुटल्या. विभाग निर्दोष होता असे मी म्हणत नाही. राग कुठे जाऊन पडला, एवढेच पाहतो आहे.

आमच्या जिल्ह्यात तो असा पडण्याची ही पहिली वेळ नव्हती. ४ जुलै २०१९ ला कणकवलीत मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणातले खड्डे आणि चिखल यांवरून तेव्हाचे काँग्रेसचे आमदार नितेश राणे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी महामार्गाच्या उपअभियंत्यावर चिखल ओतला, त्याला पुलाच्या कठड्याला बांधले. राणे यांना अटक झाली, पुढे जामीन मिळाला. दोन घटना, दोन वेगळे पक्ष. खड्डेही खरे होते आणि पुतळाही खरोखरच पडला होता, तेव्हा संतापाला कारण नव्हते असे कोणी म्हणू नये. पण दोन्ही वेळा हाती लागला तो तालुक्याच्या पातळीवरचा अभियंता आणि त्याची कचेरी. निविदा, आराखडा, ठेकेदाराची निवड हे सगळे मोठे निर्णय इथल्या टेबलावर होत नाहीत.

हे अंतर जुने आहे. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत मालवणच्या माणसाचा कलेक्टर रत्नागिरीला बसत असे. नंतर ओरोसला जिल्ह्याचे ठाणे झाले, कचेऱ्या जवळ आल्या. पण जवळ आली ती इमारत. निर्णय मुंबईतच राहिला, काही बाबतींत दिल्लीत. सामान्य माणसाला दिसते ती खुर्ची आणि तिच्यावर बसलेला माणूस.

कायद्याने या माणसाचा विचार केला तो मुख्यतः शिक्षेच्या अंगाने. भारतीय दंडसंहितेतले ३५३ वे कलम १८६० चे, म्हणजे परक्या सरकारच्या नोकराला प्रजेपासून वाचवण्यासाठी लिहिलेले. स्वातंत्र्यानंतरही ते तसेच चालू राहिले. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ इंधनभेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले आणि राज्यभरचे सरकारी कर्मचारी कामबंद आंदोलनात उतरले. २०१८ मध्ये महाराष्ट्राने या कलमाची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली आणि खटला सत्र न्यायालयाकडे दिला. कणकवलीची घटना त्यानंतरची. म्हणजे पाच वर्षांच्या धाकानेही चिखलाची बादली थांबली नाही. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, ३५३ ची जागा कलम १३२ ने घेतली आणि कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षांची झाली. महाराष्ट्राने वाढवलेली तीन वर्षे अशी एका रात्रीत गेली. त्याची फारशी वाच्यताही झाली नाही. डॉक्टरांसाठी २०१० चा राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, पण त्याचाही भर घटना घडून गेल्यानंतरच्या शिक्षेवर आणि भरपाईवरच.

हल्ला होण्याआधी मालकाने काय करायचे, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २१ जून २०१९ ला मंजूर केलेल्या १९० व्या करारात विचारला आहे. धोका कुठे आहे ते आधी ओळखा, कर्मचाऱ्यांना त्याची माहिती आणि प्रशिक्षण द्या, असे तो सांगतो. त्यासोबतच्या शिफारशीत तर गिऱ्हाईक आणि जनता यांच्याकडून होणाऱ्या त्रासाचाही उल्लेख आहे. कणकवलीची घटना त्यानंतर तेराव्या दिवशी घडली. भारताने या करारावर मान्यतेची मोहोर उठवलेली नाही.

इथे मला आमच्या गाऱ्हाण्याची आठवण होते. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालायची रीत आहे. एकजण सगळ्या गावाच्या वतीने मोठ्याने बोलतो, जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आणि कौल लावला, तर हो की नाही ते तिथेच, सगळ्यांसमोर कळते. देवाचा कौल प्रत्येकाला पटतोच असे नाही (न पटणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांत माझ्या घरचेही आहेत), पण उत्तर मिळाले नाही अशी तक्रार उरत नाही. कचेरीत अर्जावर आवक क्रमांक पडतो, कौल मात्र मिळत नाही. शासनाचा लोकशाही दिन आहे. जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी, तहसीलला तिसऱ्या. पण तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. महामार्गाचा खड्डा एकट्याचा नसतो, पुतळा तर नाहीच. सगळ्या गावाचे गाऱ्हाणे घालायला जागाच नाही, म्हणून ते आमदाराच्या मागे जमाव होऊन येते. आमदारालाही ते सोयीचे असते, कारण विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांची चित्रफीत कोणी घरोघर पाठवत नाही.

हल्ला झाला की कॅमेरे आणि जाळ्या बसवा, भेटीची वेळ ठरवा अशा मागण्या होतात. कॅमेऱ्याचे मला वावडे नाही. पण कणकवलीचा अभियंता कचेरीत नव्हता, पुलावर होता, आणि तिथे चित्रण करायला हल्लेखोरांचाच कॅमेरा होता. त्यापेक्षा माहितीचा अधिकार, २००५, याचे चौथे कलम अधिक कामाचे आहे. कोणी मागण्याची वाट न पाहता कार्यालयांनी माहिती स्वतःहून जाहीर करावी, असे ते सांगते. कामाचा ठेका कोणाचा, देखरेख कोणाची, दोष आढळला तेव्हा कोणी कोणाला कळवले, हे कचेरीच्या दारातल्या फळ्यावर लावता येते. मालवणचे २० ऑगस्टचे पत्र लोकांनी वाचले ते वर्तमानपत्रांत, पुतळा कोसळल्यावर आणि काचा फुटून झाल्यावर.