रॉबिन्स रेकनिंग

'रॉबिन्स रेकनिंग' (अर्थ : रॉबिनचा हिशोब) हा 'बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज' या अमेरिकन ॲनिमेशन मालिकेतील दोन भागांचा कथाभाग आहे. त्याचा पहिला भाग ७ फेब्रुवारी १९९३ रोजी आणि दुसरा भाग १४ फेब्रुवारी १९९३ रोजी फॉक्स वाहिनीवरून प्रसारित झाला. लेखन रँडी रोगेल यांचे, तर दिग्दर्शन डिक सेबास्ट यांचे आहे. मालिकेचा नायक बॅटमॅन असला तरी या कथाभागाच्या केंद्रस्थानी त्याचा तरुण साथीदार रॉबिन, म्हणजेच डिक ग्रेसन आहे. सर्कशीत वाढलेल्या डिकच्या आईवडिलांचा खून कसा झाला, तो बॅटमॅनच्या आश्रयाला कसा आला आणि अनेक वर्षांनी मारेकरी समोर आल्यावर त्याने काय केले, हे यात सांगितले आहे. पहिल्या भागास १९९३ साली प्राइमटाइम एमी पुरस्कार मिळाला.

पार्श्वभूमी

बॅटमॅन हे पात्र मे १९३९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात प्रथम अवतरले. बॉब केन व बिल फिंगर हे त्याचे निर्माते होत. लहानपणी डोळ्यांदेखत आईवडिलांची हत्या झालेला धनाढ्य ब्रूस वेन मोठेपणी मुखवटा धारण करून गुन्हेगारांशी लढतो, अशी त्याची मूळ कल्पना आहे. हा खुलासा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ३३ व्या अंकात झाला. सुरुवातीच्या कथांमध्ये बॅटमॅन एकटाच असल्याने त्याच्या मनातले विचार वाचकांपर्यंत पोहोचवणे लेखकाला अवघड जाई. त्याला बोलायला कोणीतरी हवे, या गरजेतून फिंगर, केन आणि चित्रकार जेरी रॉबिन्सन यांनी एप्रिल १९४० च्या ३८ व्या अंकात रॉबिनला आणले. रॉबिनच्या आगमनानंतर अंकाचा खप जवळजवळ दुप्पट झाला, असे सांगितले जाते. पुढे अमेरिकन कॉमिक्समध्ये किशोरवयीन साथीदारांची एक परंपराच निर्माण झाली.

डिक ग्रेसनची मूळ कथा १९४० सालीच निश्चित झाली होती. 'फ्लाइंग ग्रेसन्स' हे झुल्यावर कसरती करणारे कुटुंब हेली सर्कशीत काम करत असते. झुको नावाचा गुंडांचा म्होरक्या सर्कशीच्या मालकाकडे संरक्षणाच्या नावाखाली खंडणी मागतो. मालकाने नकार देताच झुल्याच्या दोऱ्या निकामी केल्या जातात आणि भर खेळात डिकचे आईवडील कोसळून मरण पावतात. ब्रूस वेन त्या पोरक्या मुलाला आपल्या घरी आणतो व पुढे आपला साथीदार बनवतो. 'रॉबिन्स रेकनिंग'ने हा सांगाडा कायम ठेवला. मूळ कथेत झुको लवकरच पकडला जातो. येथे मात्र तो अनेक वर्षे निसटलेलाच राहतो आणि या एका बदलामुळे कथेचा रोख बदलतो.

कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुर्बलांच्या बाजूने लढणारा मुखवटाधारी नायक मराठी वाचकांनाही अपरिचित नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमधील 'काळा पहाड' व 'झुंजार' ही पात्रे याच जातकुळीतील आहेत. अशा नायकाने न्याय आणि सूड यांमधील रेषा कोठे आखायची, हा या प्रकारच्या कथांमधील जुना प्रश्न आहे. 'रॉबिन्स रेकनिंग'मध्ये तो नायकापुढे नसून त्याच्या साथीदारापुढे उभा राहतो.

कथानक

पहिला भाग

बॅटमॅन आणि रॉबिन एका बांधकामाच्या जागी घातपात करणाऱ्या गुंडांना अडवतात. पकडलेल्या गुंडाकडून बॅटमॅन त्यांच्या म्होरक्याचे नाव काढून घेतो. 'बिली मरीन' हे नाव ऐकताच त्याचा नूर बदलतो. हे प्रकरण आपण एकट्याने हाताळणार, असे सांगून तो रॉबिनला घरी परत पाठवतो व कारण सांगण्यास नकार देतो. दुखावलेला रॉबिन गुहेतील संगणकावर त्या नावाचा शोध घेतो, तेव्हा 'बिली मरीन' हे टोनी झुकोचेच टोपणनाव असल्याचे त्याला कळते. झुको हा त्याच्या आईवडिलांचा मारेकरी असतो.

येथून कथा भूतकाळात जाते. सर्कशीच्या मालकाने हाकलून दिलेला झुको तंबूतून बाहेर पडताना लहानग्या डिकला दिसतो. त्याच दिवशीच्या खेळात झुल्याची दोरी तुटते आणि वर फलाटावर उभ्या असलेल्या डिकच्या नजरेसमोर त्याचे आईवडील खाली पडतात. प्रेक्षकांत ब्रूस वेनही हजर असतो. झुकोला ओळखू शकणारा साक्षीदार म्हणून मुलाच्या जिवाला धोका असल्याने ब्रूस त्याला काही काळ आपल्या वाड्यात ठेवून घेतो.

ब्रूस रोज रात्री बॅटमॅन होऊन झुकोच्या मागावर जातो आणि इकडे मुलगा रिकाम्या वाड्यात एकटा राहतो. आपण त्याच्यासाठी न्याय मिळवतो आहोत, अशी ब्रूसची समजूत असते. ब्रूसला लहानपणापासून सांभाळणारा नोकर आल्फ्रेड मात्र त्याला जाणीव करून देतो की, त्या मुलाला आत्ता माणसाच्या सोबतीची गरज आहे. तेव्हा ब्रूस डिकजवळ बसतो. आपणही असेच पोरके झालो होतो, हे तो त्याला सांगतो. वर्तमानकाळात परतल्यावर रॉबिन, बॅटमॅनची आज्ञा धुडकावून, झुकोच्या शोधात मोटारसायकलवरून निघतो.

दुसरा भाग

दुसऱ्या भागात दोन्ही काळ आलटून पालटून पुढे सरकतात. भूतकाळात डिक वाड्यातून पळून जातो आणि झुकोला स्वतःच शोधण्यासाठी शहराच्या गल्लीबोळांत भटकतो. झुको व डिक समोरासमोर येतात त्या वेळी बॅटमॅनही तेथे पोहोचतो. मुलगा पाण्याच्या प्रवाहात सापडल्याने बॅटमॅनपुढे पेच उभा राहतो : झुकोला पकडायचे की मुलाला वाचवायचे. तो मुलाला वाचवतो आणि झुको निसटतो. त्यानंतर बॅटमॅन म्हणजेच ब्रूस वेन हे डिकला कळते आणि दोघांच्या सहजीवनाला सुरुवात होते.

वर्तमानकाळात बॅटमॅन झुकोचा माग काढत एका ओसाड करमणूक बागेत येतो. या पाठलागात तो जखमी होतो आणि झुकोच्या बंदुकीच्या टप्प्यात सापडतो. नेमक्या त्याच क्षणी रॉबिन तेथे येतो व झुकोला पकडून धक्क्याच्या कडेला नेतो. बॅटमॅन त्याला थांबण्याची विनवणी करतो. आपल्याला काय वाटते हे तुला कळणार नाही, असे रॉबिन संतापाच्या भरात बोलून जातो, पण कोणाला बोललो हे ध्यानात येताच तो वरमतो. तो झुकोला पोलिसांच्या स्वाधीन करतो.

शेवटच्या संवादात गैरसमजाचा उलगडा होतो. आपण झुकोला ठार मारू, या भीतीने बॅटमॅनने आपल्याला दूर ठेवले, असे रॉबिनला वाटत असते. बॅटमॅनची भीती वेगळीच असते. झुकोने रॉबिनकडून आधीच पुष्कळ हिरावून घेतले होते. या खेपेस तो रॉबिनलाच हिरावून घेईल, हा विचार त्याला सहन झाला नव्हता.

प्रमुख पात्रे व आवाज

बॅटमॅन / ब्रूस वेन : केविन कॉनरॉय
रॉबिन / डिक ग्रेसन : लॉरेन लेस्टर
बालपणीचा डिक : जोई सिमरिन
आल्फ्रेड पेनीवर्थ : एफ्रेम झिंबलिस्ट ज्युनियर
आयुक्त गॉर्डन : बॉब हेस्टिंग्ज
टोनी झुको : थॉमस एफ. विल्सन

थॉमस एफ. विल्सन हे 'बॅक टू द फ्यूचर' चित्रपटमालेतील बिफ या खलपात्रासाठी प्रसिद्ध आहेत. केविन कॉनरॉय ब्रूस वेन व बॅटमॅन यांच्यासाठी दोन वेगवेगळे आवाज वापरत. या कथाभागात ब्रूस डिकची समजूत घालतो तेव्हा त्याचा मृदू आवाज आणि मुखवट्याआडचा कठोर आवाज यांतील अंतर स्पष्टपणे ऐकू येते. संपूर्ण मालिकेप्रमाणे येथेही आवाजांचे दिग्दर्शन अँड्रिया रोमानो यांनी केले आहे.

निर्मिती

'बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज' ही मालिका ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की यांनी विकसित केली. तिचे प्रसारण ५ सप्टेंबर १९९२ रोजी सुरू झाले व १९९५ पर्यंत तिचे एकूण ८५ भाग झाले. पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर पार्श्वभूमी रंगवण्याच्या रॅडोम्स्की यांच्या पद्धतीमुळे मालिकेला गडद रूप लाभले. गॉथम शहराच्या इमारती व वाहने १९३०-४० च्या दशकांतील आर्ट डेको शैलीची आठवण करून देतात. या मिश्रणाला निर्मात्यांनी 'डार्क डेको' असे नाव दिले होते.

मालिकेतील रॉबिन हा महाविद्यालयीन विद्यार्थी असून तो मोजक्याच भागांमध्ये दिसतो. त्याचा पोशाखही डिकच्या जुन्या पोशाखाहून वेगळा आहे. १९९० च्या सुमारास कॉमिक्समध्ये टिम ड्रेक या नव्या रॉबिनसाठी तयार झालेल्या, पूर्ण लांबीची विजार असलेल्या पोशाखावर तो आधारित आहे. लेखक रँडी रोगेल हे पुढे 'ॲनिमॅनियाक्स' या विनोदी मालिकेतील गीतांसाठी ओळखले जाऊ लागले.

मालिका मुलांच्या कार्यक्रमांच्या पट्ट्यासाठी तयार होत असल्याने हिंसा व मृत्यू यांच्या चित्रणावर वाहिनीचे निर्बंध होते. ज्या कथेचा पायाच एका मुलासमोर झालेला आईवडिलांचा मृत्यू हा आहे, तिच्या बाबतीत ही मोठी अडचण होती. प्रत्यक्ष पतन पडद्यावर दाखवलेले नाही. झुला चौकटीबाहेर जातो आणि परत येतो तेव्हा केवळ तुटलेली दोरी लोंबकळताना दिसते. घडलेली घटना प्रेक्षकाला त्या रिकाम्या दोरीवरून व पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून समजते. निर्बंधामुळे योजलेला हा उपाय मालिकेतील सर्वाधिक स्मरणात राहिलेल्या दृश्यांपैकी एक ठरला.

आशय

कथाभागाची रचना समांतर प्रसंगांवर उभी आहे. ब्रूस व डिक या दोघांनीही बालपणी आईवडिलांचा खून पाहिलेला आहे. मात्र ब्रूस त्यानंतर आपल्या दुःखासह एकाकी वाढला, तर डिकला त्याच अनुभवातून गेलेला एक प्रौढ माणूस भेटला. त्यामुळे डिकचे आयुष्य वेगळ्या वळणाने जाऊ शकते, ही शक्यता कथेत सतत जागी राहते. शेवटच्या प्रसंगात रॉबिन सूड टाळतो तो केवळ उपदेश ऐकून नव्हे. समोरच्या माणसानेही हेच भोगले आहे, याची जाणीव त्याला थांबवते.

दुसरे सूत्र पालकत्वाचे आहे. मारेकऱ्याचा पाठलाग म्हणजेच मुलाची काळजी, असे मानणारा ब्रूस पहिल्या भागात चुकतो आणि आल्फ्रेडमुळे सावरतो. प्रवाहातून मुलाला बाहेर काढताना तो झुकोला सोडून देतो, म्हणजे न्यायापेक्षा मुलाला अधिक महत्त्व देतो. वर्तमानकाळात रॉबिनला दूर ठेवण्याचा त्याचा निर्णयही त्याच मायेतून येतो. पण मनातले न बोलण्याच्या स्वभावामुळे तो रॉबिनला अविश्वासासारखा भासतो.

प्रसारण व पुरस्कार

मालिकेचे बहुतेक भाग दुपारच्या वेळी, मुलांच्या कार्यक्रमांमध्ये दाखवले जात. डिसेंबर १९९२ पासून काही महिने फॉक्स वाहिनीने ती रविवारी संध्याकाळच्या मुख्य वेळेतही प्रसारित केली. 'रॉबिन्स रेकनिंग'चे दोन्ही भाग लागोपाठच्या रविवारी दाखवले गेले. १९९३ च्या प्राइमटाइम एमी पुरस्कारांमध्ये पहिल्या भागास 'उत्कृष्ट ॲनिमेशन कार्यक्रम (एक तास किंवा त्याहून कमी कालावधी)' या गटातील पुरस्कार मिळाला. मुलांसाठीची सुपरहिरो मालिका गंभीर नाट्याच्या पातळीवर उभी राहू शकते, याची ही महत्त्वाची पावती होती.

नंतरचा प्रभाव

या कथाभागानंतर मालिकेने इतर सहायक पात्रांकडेही सविस्तर लक्ष दिले. 'शॅडो ऑफ द बॅट' (१९९३) या दोन भागांच्या कथेत आयुक्त गॉर्डन यांची मुलगी बार्बरा प्रथमच बॅटगर्लच्या वेषात वावरते. १९९४ पासून मालिकेचे नाव बदलून 'द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅटमॅन अँड रॉबिन' असे करण्यात आले व रॉबिनचा सहभाग वाढला.

डिक ग्रेसनच्या कथेचा पुढचा टप्पा 'द न्यू बॅटमॅन ॲडव्हेंचर्स' या उत्तरमालिकेत येतो. 'सिन्स ऑफ द फादर' (१९९७) या भागात टिम ड्रेक हा नवा रॉबिन बनतो. 'ओल्ड वूंड्स' (१९९८) या भागात डिक व ब्रूस यांच्यात फूट का पडली आणि डिकने 'नाइटविंग' ही स्वतंत्र ओळख का स्वीकारली, हे उलगडते. कॉमिक्समध्ये डिकने ती ओळख १९८४ सालीच घेतली होती. नाइटविंगचा आवाजही लॉरेन लेस्टर यांचाच आहे. 'रॉबिन्स रेकनिंग'मध्ये वेळीच न बोलल्याने निर्माण झालेला दुरावा त्याच रात्री मिटतो, तर 'ओल्ड वूंड्स'मध्ये तोच दोष दोघांच्या विभक्त होण्याचे कारण ठरतो. त्यामुळे हे दोन कथाभाग एकापाठोपाठ पाहिल्यास डिक ग्रेसनच्या व्यक्तिरेखेचा विकास अधिक स्पष्टपणे लक्षात येतो.