झोपाळा

घराच्या सोप्यात, ओटीवर किंवा माजघरात तुळईला टांगलेली लाकडी बैठक. विदर्भात तिला बंगई म्हणतात. वेळापूरसारख्या (ता. माळशिरस, जि. सोलापूर) कमी पावसाच्या भागात सुतारकामाला बाभूळ स्थानिक मिळते. झोपाळ्यासाठी मात्र सागवान उत्तम, कारण ते सहसा वाकत वा पिळत नाही. जाड फळ्या जोडून खालून आडव्या पट्ट्या मारतात, कडा रंध्याने गोल करतात आणि चार कोपऱ्यांत कड्या बसवतात. कडी नुसत्या स्क्रूवर धरू नये. बोल्ट फळी व पट्टी यांतून आरपार नेऊन खाली वायसर-नट आवळावा. खरी परीक्षा तुळईची असते: झोका घेताना ताण बसलेल्यांच्या वजनाहून बराच वाढतो. कीड लागलेल्या तुळईला झोपाळा टांगू नये.

सजावटीचे वैभव पितळी कड्यांत दिसते. त्यांत मोर, पोपट, हत्ती गुंफलेले असतात. पितळ चिंचेने घासून उजळतात. डोहाळजेवणाला झोपाळा फुलांनी मढवून गर्भवतीला त्यावर बसवतात. चैत्रगौरीसाठी छोटा झोपाळा वेगळा असतो; चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर त्यात बसते.